आबांच्या गुळाचा ठिपका

चहा घ्या, आणि माझ्यावर हसायचंच असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर दम पुरायचा नाही. माझा स्वभाव मेला संशयी. भाजीवाल्यानं पिशवीत एक पेरू जास्त टाकला, तरी मी विचारतो, का बरं टाकला?

मी राहतो जळोचीत आणि बारामतीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. तिथं वास घेणारं एक यंत्र आलं. त्यात ढीगभर सेन्सर, प्रत्येकाचा आकडा वेगळा. एकेकटा आकडा बघून काही कळत नाही. संख्याशास्त्र ते सगळे आकडे एकत्र घुसळतं आणि प्रत्येक नमुन्याचा एकच ठिपका काढून देतं. वास सारखा तर ठिपके जवळ, वेगळा तर लांब. इतकं सोपं! मला वाटलं होतं तरी.

बावड्याच्या सोपानआबांचं गुऱ्हाळ आहे. माझा अहवाल चांगला आला, तर पुण्याचा एक व्यापारी त्यांचा यंदाचा सगळा गूळ उचलणार होता. आबा स्वतः ढेप घेऊन आले आणि म्हणाले, घाई नाही, नीट बघा. गूळ विकायचाय आणि घाई नाही? मी तिथंच सावध झालो. प्रयोगशाळेत कुणी ढेप बदलली म्हणजे? मी ती घरी नेऊन कपड्यांच्या कपाटात कुलूपबंद केली. तुलनेसाठी आणलेला इतर गुऱ्हाळांचा गूळ प्रयोगशाळेतच राहिला.

आठवड्यानं तपासलं. सगळे ठिपके एका घोळक्यात आणि आबांचा एकटा पार कोपऱ्यात. भेसळ! मी व्यापाऱ्याला लगेच थांबवलं.

आबा आले. चेहरा उतरलेला, पण आवाज शांत.

"सर, परत बघा. उसाचा रस आन मळी काढाया भेंडीचा चीक, ह्याबिगर कायबी न्हाय त्यात."

बरं म्हटलं. पण आता माझा कुणावरच भरवसा नव्हता. सगळ्यांच्या ताज्या ढेपा मागवल्या आणि त्याही कपाटात कोंबल्या. साड्यांना गुळाचा वास लागतोय म्हणून बायको कुरकुरली, तर तिला सांगितलं, तपासात लुडबुड करू नकोस. पुन्हा यंत्र लावलं, जुन्या आलेखावरच नवे ठिपके मांडले, आणि काय बघतो? सगळेच आबांच्या कोपऱ्यात!

तुम्ही काय समजला असतात? मी समजलो, अख्खा तालुका सामील आहे.

मग यंत्र गाडीत टाकून थेट बावड्याला गेलो. व्यापाऱ्याला बोलावलं, आसपासचे गुऱ्हाळवालेही जमले. अशा प्रसंगी जरा रुबाब हवा, म्हणून लग्नाकार्याचा कोट चढवला होता. यंत्रावर वाकून मी सगळ्यांना समजावू लागलो, आणि पडद्यावर ठिपका उमटला. थेट भेसळीच्या कोपऱ्यात.

"पण गूळ कुठं ठेवलाय अजून?" व्यापारी म्हणाला.

मी मागं सरलो, ठिपका गायब. पुन्हा वाकलो, ठिपका हजर! हळूच बाही नाकाशी नेली. डांबरगोळ्या! बायको कपाटात मुठीमुठीनं टाकते त्या. आबांच्या गुळात तो वास मीच आठवडाभर मुरवला होता. असा मेल्याहून मेल्यासारखा झालो म्हणता!

आबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "सर," ते हलकेच म्हणाले, "आमचा गूळ तपासून हुईस्तवर तुमी जरा भायेर हुबं ऱ्हावा."

उभा राहिलो, चिपाडांच्या ढिगाशेजारी, भर उन्हात. आत गूळ पास झाला, सौदाही झाला, मला आवाजावरून कळलं. ती सगळी मंडळी यंत्राभोवती घोळका करून, आणि पार कोपऱ्यात एकटाच ठिपका, कोट घातलेला.