पंचमीतले आवाज

माझा प्रोग्राम पहिल्या फटक्यात चालला की मला घाम फुटतो. चुका दाखवत थांबला तर बरं वाटतं, निदान दुखतंय कुठं ते कळतं. विद्यार्थ्यांना हे सांगितलं की ते हसतात. त्यांचं हल्ली सगळंच पहिल्या फटक्यात चालतं. यंत्राला विचारायचं, ते लिहून देतं, यांनी चिकटवायचं. मी जुन्या वळणाची. उत्तर बरोबर आलं की आधी संशय घ्यायचा, मग चहा प्यायचा. नवरा म्हणतो, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. असेल.

म्हणून प्रबंधातल्या प्रयोगाचा निकाल हवा त्याहून चांगला आला, तेव्हा मी पेढे वाटायच्या ऐवजी जेवण टाकलं.

मी सांगलीजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते आणि शिकवता शिकवता पीएच.डी. करते. विषय सोपा करून सांगायचा तर, आपल्याकडच्या बायामाणसांचं बोलणं यंत्राला कळावं. मोबाईलला बातम्यांमधलं मराठी कळतं, पण 'लय दिस झालं, कवा येनार' म्हटलं की तो गोंधळतो. मी कराड-मलकापूरकडच्या उसाच्या गावांतले आवाज गोळा केले आणि त्यांवर यंत्राला शिकवलं. मग पार माण तालुक्यातल्या, त्यानं कधीच न ऐकलेल्या आवाजांवर त्याची परीक्षा घेतली. ओल्या मुलखाचं बोलणं शिकून कोरड्या मुलखाचं ओळखता येतं का, एवढाच माझा दावा. यंत्र ओळखत होतं. नको इतकं छान ओळखत होतं.

विद्यापीठानं दिलेली मुदतवाढ शेवटची होती. पदवी नाही तर पुढच्या वर्षी तुमचं काही सांगता येत नाही, असं कॉलेजनं गोड शब्दांत कळवलेलं. शेवटचं सादरीकरण तोंडावर आलं होतं. माझी सगळी वर्षं त्या एका निकालावर टांगलेली होती.

आवाज गोळा करणं हे काय काम असतं ते लांबून कळत नाही. माईक दिसला की माणसं बातम्या द्यायला लागतात. भाकरी कशी करता विचारलं तर एका मावशींनी 'सर्वप्रथम आपण पीठ घ्यावे' अशी सुरुवात केली होती, आणि माईक बंद करताच 'आवं, पीठ इरी गेलं आसंल, चिकटपना ऱ्हायला नसंल, तर कशाची भाकरी' म्हणून खरं बोलायला लागल्या. म्हणून माझे विद्यार्थी फोन खिशात ठेवत, आधी परवानगी घेत आणि मग इकडचं तिकडचं विचारत बसत. परीक्षेसाठीचं माणातलं गाव आम्हाला नागपंचमीला सापडलं. एरवी तिथं म्हातारी माणसं आणि मेंढरं. पुरुष मुंबईला. पंचमीला मात्र गाव बायकांनी भरलेलं, झाडांना झोके, देवळापुढं फेर. एका दिवसात इतके आवाज मिळाले की पोरांनी परतीच्या गाडीत गाणी म्हटली. मीही म्हटली.

दुपारी प्रयोगशाळेत बसून मी सादरीकरणासाठी एखादा गोड नमुना शोधत होते. पंचमीतली एक बाई लहानपणची गोष्ट सांगत होती. वरातीमागं त्यांची शेळी चालत गेली आणि नवरीच्या गावात जाऊन व्याली, अशी काहीतरी. बोलता बोलता ती खळाळून हसायची, आणि प्रत्येक नवं वाक्य सुरू करायच्या आधी जिभेनं टाळूला हलकेच 'च्' करायची. ते 'च्' ऐकून माझा हात माऊसवरच थांबला. तसाच आवाज मी यंत्राला ज्यांवर शिकवलं त्या नमुन्यांमध्ये ऐकला होता. शोधून काढला. मलकापूरच्या पलीकडच्या एका गावातली बाई, कालवण कसं करते ते सांगत होती. नाव वेगळं, आडनाव वेगळं. आवाज बारीक, सपाट, अर्धा घशातच राहिलेला. पण वाक्याआधी तेच 'च्'.

एकाच माणसाचा आवाज दोन्हीकडं आला तर परीक्षा फुकट गेली. प्रश्न आधीच फुटल्यासारखं ते. म्हणून आवाज जुळवणारा एक वेगळा प्रोग्राम मी सगळ्या नमुन्यांवर चालवला होता. पुन्हा चालवला. त्यानं ठाम सांगितलं, या दोन वेगळ्या बायका. मी हुश्श केलं, पण तोवर मला पंचमी म्हणजे काय ते आठवलं होतं.

पंचमीला गावात दिसणाऱ्या बायका त्या गावच्या नसतात. त्या माहेरी आलेल्या असतात. आणि माणातले आईबाप मुलगी देताना आधी पाणी बघतात. आमच्या जन्माला आलं ते पोरीच्या नको म्हणून तिला नदीकाठी, उसाच्या गावाला देतात. म्हणजे कोरड्या मुलखाचे म्हणून मी ज्या आवाजांवर परीक्षा घेतली, त्यातले किती ओल्या मुलखातून दोन दिवसांसाठी आलेले होते कोण जाणे. सासरी त्यांनी सासरचं नाव सांगितलं, माहेरी माहेरचं. खोटं कुणीच बोललं नव्हतं. हे मला कळू नये? माझं स्वतःचं नाव लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं बदललं गेलंय. कॉलेजात एक, सासरी दुसरं. दोन नावांची बाई मी, आणि प्रत्येक नावाला एक माणूस धरून हिशेब मांडत बसले. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

माझे मार्गदर्शक सर सज्जन माणूस, पण निवृत्तीला आलेले आणि माझ्या प्रबंधाला माझ्याइतकेच कंटाळलेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"यंत्र म्हणतंय दोन बायका, तुमचा कान म्हणतोय एक," ते म्हणाले. "असं 'च्' करणाऱ्या शंभर बायका सापडतील, मॅडम. त्या बाईकडे जा, दोन्ही ऐकवा. तिचा शब्द शेवटचा. दोन्हींपैकी एक आवाज तिचा नसेल तर विषय संपला. दोन्ही तिचेच असले तर मग सगळे आवाज पुन्हा तपासायचे, आणि ते या मुदतीत होणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे."

एसटीत बसल्यावर मी देवाला काय मागितलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. ती बाई नाही म्हणू दे, एवढंच मागितलं. खरं कळू दे, असं नव्हे. पोरांनी त्या कालवणवालीच्या गावात एकाच सोप्यात गल्लीतल्या पाच-सहा सुना बसवून आवाज घेतले होते. एखादं नाव भलत्याच आवाजाला चिकटलं असेल, ही माझी आशा. कराड मागे पडेपर्यंत मी त्या आशेला इतकं गोंजारलं की ती मला खरीच वाटायला लागली.

घर सापडायला वेळ लागला नाही. सोप्यात ती शेंगा फोडत बसलेली, माझ्याच वयाची. नवरा फौजेत. पलीकडं बाजेवर तिची सासू, डोळे मिटून. मी कॉलेजची म्हटल्यावर तिनं पदर सारखा केला, पाणी दिलं. मी घाबरतच विचारलं, माहेर कुठलं?

"दहिवडीच्या पल्याड," ती म्हणाली. म्हणजे माणच.

मी इअरफोन पुढं केला, तर तिनं मान हलवली. "कानात नगं. मोट्यानं लावा, आत्यास्नी बी ऐकू द्या."

पहिल्यांदा पंचमीतला आवाज लावला. शेळी व्याली तिथं पोचायच्या आधीच तिनं तोंडाला हात लावला. "आवं, ही तर मीच! पंचमीला तुमची पोरं आलती तवाचं. लय हसलो आमी त्या दिशी." ती पुन्हा तसंच हसली आणि बाजेकडं बघून थांबली.

मग मी कालवणाचा आवाज लावला. ती मान तिरकी करून ऐकत राहिली. कपाळावर आठी आली. संपल्यावर म्हणाली, "ही कोन?"

"तुम्ही नाही?"

"न्हाई वो. हितं बी बोललो आमी समद्या, पर ही मी न्हवं. ही बाई लय दबून बोलतीया. आजारी हाय का काय?"

मला फार आनंद झाला. शब्द शेवटचा तिचा, आणि तिनं नाही म्हटलं होतं. नोकरी, पदवी, सादरीकरण, सगळं त्या एका 'न्हवं'मध्ये परत हाती आलं. सुंठेवाचून खोकला गेला. मी फोन पर्समध्ये टाकायला लागले.

"तूच की गं ती," बाजेवरून सासू म्हणाली. डोळे मिटलेलेच. राग नव्हता, ठपका नव्हता. ताक आंबट झालंय असं सांगावं तसं तिनं सांगितलं. "रोजचा तर आवाज हाय घरातला. मी वळखनार न्हाई व्हय?"

सून तिच्याकडं बघत राहिली. "मी आशी बोलते, आत्या?"

"मग कशी बोलतीस? आल्यापास्नं आशीच बोलतीस." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "ती पयली कोन हसत व्हती, ती न्हाई मला ठावं."

सुनेच्या मांडीवरच्या टरफलांना मुंग्या लागल्या होत्या, त्या तिनं झटकल्या. मग हळूच म्हणाली, "म्याडम, ती दुसरी पुन्यांदा लावा." बोलायच्या आधी जिभेनं 'च्' केलं. मी लावली. तिनं पदराचं टोक दातात धरून शेवटपर्यंत ऐकली आणि परत शेंगा फोडायला घेतल्या. मला चहाला थांबा म्हणायचं तिला सुचलं नाही. मी फोन पर्समध्ये टाकून उठले.

रस्त्यावर येऊन उसाच्या कडेला उभी राहिले आणि सरांना फोन लावला. घरी काय सांगायचं, कॉलेजात काय सांगायचं, पुढच्या वर्षी कुठं जायचं, सगळं एकदम डोक्यात फिरत होतं.

"काय म्हणाली?" सरांनी विचारलं.

"ती नाही म्हणाली."

"वा! मग झालं की."

"पण सर, तीच आहे. तिच्या सासूनं ओळखलं. तिचं तिला ओळखू आलं नाही."

"मॅडम, आपलं काय ठरलं होतं? तिचा शब्द शेवटचा. तो तिनं सांगितलाय. आता सासूला कशाला मध्ये आणता? झाकली मूठ सव्वा लाखाची. काय म्हणता, सोडायचं ना हे इथंच?"

मी काहीतरी पुटपुटले. काय ते मलाही धड ऐकू आलं नाही. पलीकडं सर गोंधळले.

"हॅलो? कोण बोलतंय? मॅडम, तुम्हीच बोलताय ना?"

उसाची ट्रॉली जवळून गेली. ती जाईपर्यंत मी थांबले.

"मीच बोलतेय सर," मी मोठ्यानं म्हटलं. "निकाल मागे घ्यायचाय."