चंदेरी गाऊनची कंबर

भूत, करणी, नजर... माझा कशावरच विश्वास नव्हता. आम्ही बौद्ध, आजोबांनी घरातले अंगारे-धुपारे कधीच बंद केलेले. वीस वर्षं मी राजारामपुरीत ब्लाउज शिवते. माप आणि शिलाई, एवढंच माझं जग.

मुलगी प्रज्ञा रशियात डॉक्टरकी शिकते. गेल्या उन्हाळ्यात मी आणि माझी थोरली नणंद शोभाताई तिला भेटायला गेलो. मॉस्कोत तिने राजघराण्याच्या बग्ग्या आणि पोशाखांचं म्युझियम दाखवलं. सोन्याने मढवलेल्या बग्ग्यांपाशी ताई रेंगाळल्या. मी पुढच्या दालनात एका चंदेरी गाऊनसमोर थांबले. काचेआड होता. कंबर इतकी बारीक, की माझ्या दोन पंजांत मावली असती. आत पाठीमागून दोरीने आवळायची चोळी घालत, असं प्रज्ञा म्हणाली. सवयीने शिलाई बघितली – एका बाजूला उसवून घाईत परत शिवलेली. मी हसून प्रज्ञाला म्हणाले, "राणीचा टेलर कच्चाच हाय की."

तेवढ्यात कमरेला आवळल्यासारखं झालं. वाटलं, सलवारीची नाडी... चाचपली तर सैल. मग दुसरा हिसका, तिसरा – कुणीतरी पाठीत गुडघा रोवून दोरी ओढावी तसा. श्वास आत जाईना, आवाज फुटेना. मी काचेवर हात आपटला.

कोपऱ्यात बसलेली म्हातारी पहारेकरीण धावत आली. माझ्याकडे तिने बघितलंही नाही. गाऊनकडे बघून रशियनमध्ये काहीतरी खेकसली, मग दंडाला धरून मला फरफटत बग्ग्यांच्या दालनात आणलं. तिथे एकदम श्वास सुटला.

ती काय म्हणाली, ते प्रज्ञा सांगायलाच तयार नव्हती. फार विचारल्यावर म्हणाली, "'पुरे, सोड तिला', एवढंच."

"कुणाला म्हणाली?"

"तुला न्हाय, आई."

उपाशीपोटी हिंडल्यामुळे चक्कर आली, असं ताई वाटभर ऐकवत होत्या. मला त्या नाटकीच समजतात. हॉटेलवर बाम लावायला त्यांनी माझा कुर्ता वर केला आणि प्रज्ञाला हाक मारली. पाठीवर मानेखालून कमरेपर्यंत लाल वळ होते, एकमेकांना छेदणारे, बुटाची लेस ओवावी तसे. प्रज्ञाने बराच वेळ तपासलं, मग फोटो काढले.

वळ आठ दिवसांनी गेले. इथल्या डॉक्टरांनी फोटो बघून इलॅस्टिकची ॲलर्जी सांगितली. त्या दिवशी माझ्या अंगात इलॅस्टिकचं काहीच नव्हतं...

मला कारण अजून सापडलेलं नाही. पण गिऱ्हाईक "कमरेत अजून टाईट करा" म्हणालं, की हातातली टेप तशीच राहते.