डोळ्यांखालचे खड्डे

स्पिरिटचा वास आला की पारोळ्याची आंधळी मावशी आठवते. आई जाऊन वर्ष झालं होतं. जळगावला डोळ्यांखालचे खड्डे इंजेक्शनने भरून घेतले आणि पंधरा दिवसांनी मावशीकडे गेले. नेहमीसारखी अलाबला घ्यायला तिनं माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवले. बोटं डोळ्यांखाली थबकली, पुन्हा चाचपडली. कानशिलावर बोटं न मोडताच ती हात मागे घेत सुनेला म्हणाली, "आवाज तिना शे, पन हाई आपली पोर नही. तिना डोयाखाले तिनी मायना खड्डा शेतस." मी नाव सांगत राहिले, तिनं पुन्हा हात लावला नाही. आता औषध विरलंय, खड्डे परत आलेत, मावशी नाही. मीच डोळे मिटून चेहऱ्यावरून हात फिरवते. आई बोटांना लागते; तिलाच मी बुजवलं होतं, आणि माझेच हात मागे येतात.