वीस म्हणजे वीस

रसायनशास्त्राच्या प्राध्यापिकेला दोन्ही काखेत पाण्याच्या बाटल्या घेऊन दोन-दोन पायऱ्या एकदम चढताना तुम्ही कधी पाहिलंय का? नाही ना? मग तुम्ही विद्यापीठ पाहिलंच नाही. बागेतलं कारंजं बघून परत आलात, एवढंच.

मी पाहिलंय. ज्या बाईमुळे ती धावाधाव झाली, तिच्याबद्दल हे लिहितेय.

पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी एक खोली आहे. पूर्वी तिथे जुने नकाशे ठेवायचे. आता दोन टेबलं, तीन कपाटं आणि चापट मारल्याशिवाय न चालणारा एक प्रिंटर. दारावर पाटी 'संशोधन अनुदान कक्ष'. आत बसते तारीखबाई. खरं नाव पगारपत्रकात असेल, बाकी कुठे कोणी वापरत नाही.

तिचं काम काय? बाहेरच्या संस्था संशोधनाला अनुदान देतात, त्यासाठी प्राध्यापकांनी अर्ज करायचा असतो. प्राध्यापकाला संशोधन येतं, अर्ज येत नाही. कोणता कागद, किती पानं, कोणाची सही, कोणत्या रकान्यात काय, हे सगळं तारीखबाईला तोंडपाठ. पंचवीस पुस्तकं लिहिलेला माणूस तिच्यासमोर 'सहीचा शिक्का राहिला' म्हणून कान पकडून उभा असतो. मला हे दृश्य फार आवडतं.

बाई शिंप्याची मुलगी. टायपिंगची परीक्षा देऊन एकोणिसाव्या वर्षी रोजंदारीवर लागली, त्याला आता सव्वीस वर्षं झाली. शिवणीत दोन बोटं कापड जास्त ठेवावं, हे बापाचं शिक्षण तिनं तारखांना लावलं. शेवटची तारीख तेवीस असली की ही सांगणार वीस. घरीसुद्धा तेच. तिची सासू सांगते, "अहो, लग्नाची वेळ ही आम्हाला तासभर आधीची सांगते. दोनदा हॉलचं कुलूप उघडणाऱ्याच्याही आधी पोचलोय आम्ही. पायरीवर बसून राहिलो, नवरीकडचे समजून लोकांनी नमस्कार केले!" नवरा बेकरीत भट्टीवर असतो. तो म्हणतो, पाव आणि बायको, दोन्हींच्या वेळेपुढे माणसाचं काही चालत नाही.

आता गंमत अशी, की प्राध्यापक हुशार असतात. दोन-तीन वर्षांत त्यांनी ओळखलं. बाईंनी वीस सांगितली की डायरीत तेवीस लिहायची. त्यांना कळलंय हे तिला कळलं. तिला कळलंय हे त्यांना कळलं. आणि तरीही सगळे गंभीर चेहरे करून वर्षानुवर्षं हेच करत राहिले. शहाण्यांचा कारखाना म्हणतात तो हाच.

मग एका वर्षी अनुदान देणाऱ्या संस्थेनंच घोळ घातला. त्यांचं संकेतस्थळ दुरुस्तीला जाणार होतं, म्हणून मुदत तीन दिवस अलीकडे आणली. तारीखबाईनं सगळ्या विभागांना पत्र धाडलं. 'शेवटची तारीख वीस, संध्याकाळी पाच. खरोखर.' 'खरोखर'खाली लाल रेघ. प्राध्यापकांच्या खोलीत हशा पिकला. "यंदा रेघसुद्धा मारली! बाई सुधारतायत!"

मी यात कुठे आले? आमच्या वस्तीच्या मागे रंगाचा कारखाना आहे. बोअरचं पाणी बादलीत ठेवलं की तासाभरात वर तवंग येतो. पालिकेत गेलो तर साहेब म्हणाला, "शास्त्रीय पुरावा आणा." शास्त्रीय! त्याच्या टेबलावर मी त्याच पाण्याचा पेला ठेवला, म्हटलं, पी. प्यायला नाही. पुरावा तरी मागतच राहिला. शेवटी रसायनशास्त्राच्या एक मॅडम तयार झाल्या. बेचाळीस ठिकाणचं पाणी वर्षभर, दर महिन्याला तपासायचं. पण त्याला बाहेरचं अनुदान हवं, आणि अर्ज हुकला तर पुढची संधी वर्षानं. म्हणजे आणखी एक वर्ष पोरंबाळं तेच पाणी पिणार.

वीस तारखेला अकरा वाजता मी कक्षात गेले. खरं तर भांडायला गेले होते, इतका वेळ का लागतो म्हणून. तारीखबाई फोन कानाला लावून उभी. मी वस्तीचं नाव सांगताच तिनं विचारलं,

"तुमच्या पाणीवाल्या मॅडम कुठे आहेत?"

"आमच्याकडे. अर्जाआधीच्या चाचणीसाठी बाटल्या भरतायत."

"आज?" तिचा आवाज इतका चढला की प्रिंटर आपोआप चालू झाला.

तेवढ्यात पलीकडून मॅडमनी फोन उचलला. "हो हो, वीस ना? आहे लक्षात," त्या खिदळत म्हणाल्या. "तेविसाला सकाळी दहाला आणून देते!"

"मॅडम, आज वीसच—"

फोन बंद. पुन्हा लावला, उचलेना. मॅडमच्या हातात मोजे असणार, फोन पिशवीत. मग मी आमच्या इस्त्रीवालीला लावला. तिचं दुकान बोअरच्या बरोबर समोर.

"काकू, समोर एक बाई बाटल्या भरतेय ना?"

"भरतेय की. डोकं फिरलंय का गं तिचं? हे पाणी कोणी घरी नेतं?"

"तिला गाडीवर बसव आणि विद्यापीठात आण. आत्ता!"

"माझी इस्त्री तापलीय!"

"बंद कर!"

"आणि तिला सांगू काय?"

"सांग, तारीखबाई खरं बोलल्या."

अर्ध्या तासात जिन्यावर धडधड ऐकू आली. मॅडम पुढे, दोन काखेत दोन बाटल्या. मागे इस्त्रीवाली, पिशवीत आणखी सहा, आणि डोक्यावर अजून हेल्मेट.

"खरंच आज?" मॅडमना धाप लागली होती.

"रेघ मारली होती मी!"

"रेघेमुळेच तर शंका आली!"

तारीखबाईनं वाद घातला नाही. कपाट उघडलं. मॅडमच्या नावाची फाइल अर्धी तयारच होती. माहितीपत्र, प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र, विभागप्रमुखांचं पत्र. राहिलं होतं मॅडमनी लिहायचं ते. मॅडम खुर्चीत बसल्या त्या तीनपर्यंत उठल्या नाहीत. इस्त्रीवाली मध्येच जाऊन सगळ्यांसाठी वडे आणून आली आणि तेलकट कागद तारीखबाईनं फाइलीपासून हातभर लांब ठेवायला लावला.

मग आला तिचा नियम. गोषवारा, म्हणजे अर्जाचा थोडक्यात अर्थ, विषय न कळणाऱ्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवायचा. त्याला कळला तरच अर्ज पुढे. एरवी शिपाई ऐकतो, नाहीतर वायरमन. त्या दिवशी आम्ही दोघी.

मॅडमनी वाचलं, "भूजलनमुन्यांतील जड धातूंच्या स्थलकालसापेक्ष वितरणाचे बहुचलीय विश्लेषण."

इस्त्रीवालीनं माझ्याकडे पाहिलं. "शिव्या देतायत का आपल्याला?"

"अहो नाही, तुमच्या पाण्यात काय आहे ते शोधायचंय!"

"मग तसं लिहा की. या पाण्याचा शिडकावा मारून इस्त्री केली की पांढऱ्या शर्टावर पिवळे डाग पडतात. ते पाणी आम्ही पितो. त्यात काय आहे ते वर्षभर तपासून आम्हाला सांगा. झालं!"

तारीखबाईची बोटं टकटक चालू झाली होती. "'झालं' सोडून सगळं घेते," ती म्हणाली.

मॅडम हसता हसता टेबलावर आडव्या झाल्या. पण एक शब्द बदलला नाही त्यांनी. त्याबद्दल मी त्यांना सलाम ठोकला.

साडेचार वाजले. आता हवी होती कुलसचिवांची सही, म्हणजे विद्यापीठाच्या मोठ्या कारभाऱ्यांची. ते सभेत. सभेच्या दारावर शिपाई, कोणाला आत सोडू नका असा हुकूम. तारीखबाईनं त्याच्या हातातला पाण्याचा जग घेतला आणि सरळ आत गेली. मी दाराच्या फटीला नाक लावलं.

जग टेबलावर ठेवून तिनं कागद पुढे केला. कुलसचिवांनी तारीख वाचली आणि चष्मा काढून हसले. "बाई, तुमची वीस! म्हणजे तेवीस. सभा संपू द्या." सगळी सभा हसली. पंधरा माणसं, पंधराही डॉक्टरेट मिळवलेली.

तारीखबाईचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, रडते आता. ती ताठ उभी राहिली.

"साहेब, सव्वीस वर्षं मी तुम्हा सगळ्यांशी खोटं बोलत आले. मुद्दाम. तुम्ही खऱ्या तारखेला अर्ज करू शकत नाही म्हणून. आज पहिल्यांदा खरं बोलतेय आणि हसणं बंद झालं नाही तर आजपासून मी कोणाला कुठलीच तारीख सांगणार नाही."

कुलसचिवांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. या खोलीतल्या निम्म्या लोकांची अनुदानं तिच्या कपाटातून गेलेली. कुलसचिवांनी सही केली. वर, कुणीही न सांगता, शिक्काही स्वतःच मारला.

चार एक्कावन्न. फाइल चढवली. 'आकार मोठा आहे.' पुन्हा लहान केली. चार सत्तावन्न. ते गोल फिरणारं चक्र. आम्ही चौघी पडद्याला चिकटलेल्या, इस्त्रीवाली पुटपुटत होती, "चढ गं बाई, चढ!" आणि मग हिरवी पट्टी. अर्ज मिळाला!

आम्ही नाचलो. खरंच नाचलो. शिपाई बघायला आला तर त्यालाही ओढला. मॅडमनी नमुन्याची बाटली उंच धरली तेव्हा तारीखबाई किंचाळली, "ते पिऊ नका!" आणि पुन्हा सगळे खो खो हसत सुटले.

चार महिन्यांनी अनुदान मंजूर झालं. तारीखबाई सुटली असं समजू नका. यंत्राच्या खरेदीची परवानगी, मदतनिसाची नेमणूक, तीन महिन्यांनी एकदा अहवाल, सगळं त्याच खोलीतून. दर महिन्याला बेचाळीस बाटल्या जिना चढतात. आता दारावर खरी तारीख मोठ्या अक्षरांत लावलेली असते, आणि कोणाचाच विश्वास बसत नसल्यानं सगळे अर्ज आठवडाभर आधी येतात. बाई म्हणते, "इतकी वर्षं उगाच खोटं बोलले."

पाण्यात काय निघालं ते वर्षअखेरीस कळेल. पालिकेतल्या त्या साहेबाच्या टेबलावर तो अहवाल मी स्वतः ठेवणार आहे.

तुमच्याही गल्लीत काहीतरी सडतंय, आणि तुमच्याकडेही कोणीतरी पुरावा मागितलाय. मग एक करा. जवळच्या विद्यापीठात जा, अनुदान कक्ष कुठे आहे ते विचारा, न घाबरता आत शिरा आणि तिथल्या बाईला किंवा बुवाला तुमचं दुखणं साध्या शब्दांत सांगा. उद्याच जा.