मंडईची कॅसेट

आमच्या बँडचा गाणारा मागच्या उन्हाळ्यात गेला. कावीळ झाली, ती त्याने अंगावर काढली, आणि गोंदियाहून नागपूरला नेईपर्यंत उशीर झाला. तेव्हापासून मी आमच्या जुन्या कॅसेटी गोळा करत सुटलो आहे. घरचे म्हणतात, बरं आहे, त्यात मन तरी रमतं. डोंबल रमतं! हेडफोन लावला की तो ओरडतो, काढला की नाही. एवढंच आहे ते.

चौघांचा बँड होता, पंक वाजवायचो, म्हणजे आरडाओरडीचं दणदणीत रॉक. गोंदियात पंक म्हटलं की लोक विचारत, "मतलब आर्केस्ट्रा?" नागपूरहून कुणीतरी आणलेली एक घासलेली कॅसेट ऐकून आम्हाला वाटलं, एवढं तर आपल्यालाही येईल. ड्रम माझ्याकडे होते. सराव राइस मिलमध्ये, मशीन चालू असताना, कारण एरवी शेजारचे मारायला उठत. गाणी मात्र अस्सल आमची होती. तो लिहायचा, इकडच्या बोलीत, लाईन म्हणजे वीज जाण्यावर, बसस्टँडवर, नोकरी विचारणाऱ्या मामांवर. गणपतीत, गॅदरिंगमध्ये, एकदा तर एका लग्नात वाजवलं आणि जेवणाआधीच हाकलले गेलो. ज्याच्याकडे टेपरेकॉर्डर असेल तो भरून घ्यायचा.

त्या कॅसेटी आता माळ्यांवरून आणि कपाटांमागून निघताहेत. बुरशी लागलेली असते, फीत चिकटलेली असते. कापूस स्पिरिटात बुडवून पुसतो, पेन्सिल घालून गुंडाळतो, कम्प्युटरवर घेतो आणि नेटवर टाकतो. कुठल्या कुठल्या शहरांतली पोरं ऐकतात आणि लिहितात, "दादा, और है क्या?" तो जिवंत असताना फुकट बोलावलं तरी कोणी फिरकत नव्हतं. मला आनंद व्हायला हवा, पण मला राग येतो.

आमचं सगळ्यात चांगलं वाजलं ते कामठ्याच्या मंडईत. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. दिवसा दंडार, म्हणजे आमच्या झाडीपट्टीतलं नाचगाण्याचं लोकनाट्य, आणि रात्री नाटक. त्या दिवशी दुपारी स्टेज रिकामं होतं, माइक चालू होता आणि कामठा आमच्या गाणाऱ्याचं गाव होतं. आयोजकांच्या पाया पडून तासभर मिळवला. पण आमची कोरी कॅसेट रेकॉर्डरने गिळली. हा पळत घरी गेला आणि बापाच्या हार्मोनियमच्या खोक्यातली कॅसेट घेऊन आला.

त्याचे वडील दंडारीत गाणारे. आयुष्यभर गायले, पण त्यांचं गाणं भरलेलं होतं ते तेवढ्या एका कॅसेटवर. कुणी पुसू नये म्हणून त्यांनी तिचे मागचे दोन्ही तुकडे मोडून टाकले होते. पोराने त्या भोकांवर चिकटपट्टी लावली आणि दोन्ही बाजूंवर आमचं भरलं. "बाबाचं पुन्हा भरून घेऊ ना बे," म्हणाला. पण बाबाची पार्टी तोवर मोडली होती. पुन्हा भरायचं कुणाला घेऊन?

वडिलांनी त्याला मारलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. बोलणं बंद केलं. एका छपराखाली वर्षानुवर्षं अबोला. "त्याले म्हन्ना, मोटर बंद कर." "बाबाले सांग, केली." मध्ये बिचारी आई. बँड मोडला, हा एका मोबाइलच्या दुकानात बसायला लागला, तरी अबोला तसाच. दवाखान्यातही म्हातारा व्हरांड्यात बसून होता. आत गेला तेव्हा हा शुद्धीवर नव्हता.

सगळे विधी आटोपल्यावर मी त्याच्या वडिलांकडे, काकाजींकडे गेलो आणि भीत भीत कॅसेटचं विचारलं. ती त्यांनी जपून ठेवली होती, त्याच खोक्यात.

"कधी ऐकली काय, काकाजी?"

"कायले ऐकू? माहं पुसून त्यानं काय भरलं, ते?"

मी कॅसेट घेऊन जाऊ का म्हणून विचारलं.

"नेऊ नको," ते म्हणाले. "इथंच वाजव. मंग पाहू, देयाची का नाई."

दुसऱ्या दिवशी टेप डेक घेऊन कामठ्याला गेलो. अंगणात वायर ओढली. त्याची आई, काकू, उठून मागच्या दारी गेल्या, त्यांना ऐकवणार नव्हतं. मला धास्ती वेगळीच होती. आपलं गाणं गेलं आणि त्याजागी हा गोंगाट आला, हे एकदा कानांनी ऐकलं की म्हातारा फीत ओढून काढेल, आणि पोराचा तेवढा आवाजही जाईल.

आधी गर्दी, पिपाण्या, कुणीतरी "बंद करा बे" म्हणतंय. मग आम्ही. मग तो. मी मान खाली घातली, कारण माझं मला आवरेना.

त्याची एक खोड होती. ओळ ओरडून संपवायचा आणि थांबायचा. मी एकटा ड्रम बडवत राहायचो. मग पुढची ओळ. यावरून मी त्याच्याशी किती भांडलो असेन! शब्द विसरतोस म्हणायचो, तो खांदे उडवायचा. टेपवरही तसंच चाललं होतं. काकाजींनी हात वर केला.

"काऊन थांबते तो?"

"सवयच होती त्याची."

पुढची ओळ आली, तो थांबला. आणखी एक ओळ, पुन्हा थांबला. काकाजी पुढे सरकून बसले.

"थांबून नाई राहिला," ते हळूच म्हणाले. "झीलीची जागा सोडून राहिला."

दंडारीत गाणारा ओळ सोडतो आणि मागचे तिचा शेवट उचलून ओढतात, ती झील. गाणाऱ्याची ओळ उघडी टाकायची नाही, असा त्यांच्यातला रिवाज. आमच्यातल्या कुणालाच ते ठाऊक नव्हतं. तो लहानपणापासून बापाच्या मागे बसून हेच ऐकत आला होता, आणि आम्ही त्याला विसराळू म्हणत होतो.

शेवटचं गाणं संपलं. खरखर झाली आणि एकदम दुसराच आवाज आला. तरणा, मोकळा, मागे झीलकऱ्यांचा घोळका. पुसायचं राहून गेलेलं काकाजींचं स्वतःचं गाणं, दोनचार ओळींचं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ज्या आवाजासाठी या माणसाने पोराशी जन्माचा अबोला धरला, तो समोर वाजत होता.

"ते नको," ते म्हणाले. "मागं घे. त्याचं लाव."

मी फीत मागे घेतली. या वेळी त्याने ओळ सोडली आणि काकाजींनी ती उचलली. आवाज फाटका, दम पुरत नव्हता, पण सुरात. पुढची ओळ आली, तीही उचलली. लाईन गेली म्हणून बोंबलणारं आमचं ते गाणं, आणि म्हातारा डोळे मिटून त्याला झील देत होता. काकू मागच्या दारातून येऊन उभ्या राहिल्या. मी ढसाढसा रडलो, लाज वाटली नाही.

शेवटी त्यांनी स्वतः कॅसेट काढून माझ्या हातात दिली.

"ने. सगळ्याले ऐकव."

मी वायर गुंडाळायला लागलो. ते तिथेच बसून होते.

"घरातही असाच गुनगुने तो," ते म्हणाले. "आंघोळीले जाता येता. एक ओळ म्हने अन् थांबे. मले वाटे, मले खिजवून राहिला. तो वाट पाहून राहिला होता, बाबू."