भरल्या पोटी थांबणारी मोटारसायकल

सासऱ्यांची मोटारसायकल माझ्याकडे आली ती त्यांच्या गुडघ्यांमुळे. टू-स्ट्रोक इंजिन, किक मारून चालू करायची, वयाने माझ्या बायकोपेक्षा पाचच वर्षांनी लहान. सासऱ्यांना किक मारवेना, तेव्हा अनसिंगहून मी ती मंगरूळपीरला आणली. बायकोला हा आहेर कधीच पटला नाही. "लहानपनी बाबाच्या मागं ढकलली, आता तुमच्या मागं ढकलून राह्यली," ती म्हणायची. "मानूस बदलला, गाडी तीच."

गाडीचा दोष एकच होता. चालता चालता बंद पडायची आणि थोड्या वेळाने काही झालंच नाही अशी चालू व्हायची. मी वही ठेवली. तारीख, किलोमीटर, जागा, विसावा. टाकी अर्धी असली तर ती बावीस ते पंचवीस किलोमीटर जायची. काठोकाठ भरलेली असली तर सोळा ते अठरा. म्हणजे पोट भरलं की लवकर दमायची. मला त्यात विचित्र काही वाटलं नाही, दुपारच्या जेवणानंतर माझंही तसंच होतं. मेकॅनिकने प्लग बदलला, कार्बोरेटर तीनदा साफ केला आणि शेवटी म्हणाला, "म्हातारी झाली भाऊ. गरम होऊन राह्यली. नऊ-दहा मिनिटं आराम करू देत जा." माझ्या वहीतल्या विसाव्याची सरासरी साडेनऊ मिनिटं येत होती. आकडा जुळला म्हटल्यावर मी निदान मान्य केलं.

अशात वाशीमच्या अलीकडे ढाबा काढलेल्या एका माणसाने गाडी मागितली. चालवायला नव्हे. त्याला ती फाटकाच्या कमानीवर चढवून चाकांना लायटिंगच्या माळा गुंडाळायच्या होत्या. बायको तयार, मी नाही. शेवटी तिनेच अट घातली. रविवारी अनसिंगला जायचं. वाटेत गाडी एकदाही थांबली नाही तर घरात राहील. थांबली तर ढाब्यावर सोडायची आणि पुढे एसटीने जायचं. मी कबूल झालो, आणि शनिवारी टाकी काठोकाठ भरून आणली. लांब जायचं म्हटलं की टाकी भरायची, ही सवय माझ्या वहीपेक्षा जुनी.

सकाळी निघालो. शेलूबाजार मागे पडलं, अठरावा किलोमीटर लागला आणि इंजिनाने दोन आचके देऊन मान टाकली.

 

"थांबली," बायको उतरून म्हणाली.

"विसावा घेते आहे. मेकॅनिकने सांगितलेला विसावा थांबण्यात धरायचा का, हे आपलं ठरलं नव्हतं."

"अवो, थांबली म्हनजे थांबली. बैल बसला तं त्याले काय म्हनता तुमी, मीटिंगमंदी हाये?"

मी नेहमीचं काम सुरू केलं. टाकीचं झाकण उघडायचं, खुणा केलेली बांबूची काडी आत बुडवून पेट्रोल मोजायचं, झाकण लावायचं, मग घड्याळ. झाकण फिरवलं तशी टाकी फुस्स करून उसासली.

"हे दरवेळी असंच करते काय?" तिने विचारलं.

"करते. त्याचा रकाना नाही वहीत."

"आन् झाकन तुमी दरवेळी उघडता?"

"पेट्रोल मोजायला नको?"

"मंग आज नऊ मिनिटं कायले थांबता? मारा किक."

आरामाशिवाय चालू होणार नाही, हे सिद्ध करायलाच मी किक मारली. पहिल्याच किकेत गाडी चालू झाली. बायको माझ्याकडे अशी बघत राहिली की मीच इंजिन बंद केलं.

"कुकरच्या शिट्टीत वरन अडकल्यावर कुकर बोंबलते का नाही? तसंच हाये हे. याच्या झाकनालेबी कुठं तरी भोक असन."

होतं. झाकणाच्या बरोबर मधोमध, मोहरीएवढं, आणि पूर्ण बुजलेलं. पेट्रोल जसजसं खाली जाईल तसतशी वरून हवा आत यायला हवी; ती येत नव्हती. टाकी आतून ओढून धरायची आणि इंजिन उपाशी मरायचं. भरलेल्या टाकीत हवेला जागा कमी, म्हणून ती लवकर अडायची. आराम तिला कधीच लागला नव्हता. मी झाकण उघडत होतो, एवढंच. दोन वर्षं आकडे बिनचूक लिहिले आणि जे टिपायला हवं होतं त्याचाच रकाना आखला नाही.

भोक मोकळं करायला काही नव्हतं. तिने पदराची पिन काढून दिली आणि पदर खोचून घेतला. मी पिन घालून टोकरू लागलो. आधी काळपट चिकटा निघाला, त्याखाली लाल, मग पिवळं, पुन्हा लाल, पुन्हा पिवळं. तळाशी अर्धी अक्षत.

मी ते सगळं रुमालावर मांडलं. बायको वाकून बघत होती. मग सरळ झाली आणि रस्त्याकडे बघू लागली.

"दसऱ्याले चाकाईले हळद-कुंकू बाबा लावत," ती हळूच म्हणाली. "झाकन माह्याकडे होतं. गोल, मधी टिकलीवानी भोक. मले कपाळच वाटे ते. बोट दाबून कुंकू भरत जाओ मी."

"आणि गाडी आपल्याकडे आल्यावर?"

"तुमाले माहीत नाही? तुमीच तं ताट धरता."

खरं होतं. ताट मीच धरत होतो.

भोकात जोराने फुंकर मारली, पेट्रोलची चव तोंडभर झाली, आणि आम्ही निघालो. ढाबा जवळ येऊ लागला. अट शब्दशः पाहिली तर मी हरलो होतो. म्हणून मीच बोललो, "अठराव्या किलोमीटरला थांबली होती. कबूल केलंय मी."

"चूप राहा."

"अट म्हणजे अट."

"ते थांबली नाही. मी थांबवली. तिच्या जलमापासून थांबवून राह्यली."

ढाबेवाला कमानीखाली उभा राहून दोन्ही हातांनी बोलावत होता. बायकोने त्याला मागूनच नमस्कार केला आणि माझ्या पाठीत बोट खुपसलं. मी वेग कमी केला नाही.

अनसिंगपर्यंत गाडी अडली नाही. अंगणात सासरे काठी टेकून उभे होते. "कितीदा थांबली वं बाई?" त्यांनी लेकीला विचारलं.

"एकदाबी नाही," ती म्हणाली.

घरी आल्यावर मी वहीत थांबे एक असं लिहिलं, एक नवा रकाना आखला, वर 'कारण' लिहिलं आणि खाली 'कुंकू'. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर त्यावर काट मारलेली होती आणि शेजारी तिच्या अक्षरात 'कचरा' असं लिहिलेलं होतं. खाडाखोड मला वहीत चालत नाही. ही मात्र तशीच ठेवली आहे.