एनॉस पर्किसचे बळी

एनॉस पर्किस म्हणायला सरकारांच्या, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या, बागेतली कुंपणं छाटायचा. खरं सांगायचं तर त्याला पगार आणि राहायला घर मिळालं होतं ते क्रिकेटात चेंडू टाकण्यासाठी. इंग्लंडात हॅम्पशायरकडच्या आमच्या गावांत तेव्हा असंच चालायचं. जमीनदारांनी पैजा लावायच्या आणि गरिबांनी उन्हात धावायचं.

एनॉसचा चेंडू खालून, अगदी हळू यायचा. बघणाऱ्याला वाटावं, एखाद्या पोरीनं टाकलाय. पण टप्पा पडला की असा वळायचा, की भल्याभल्यांची बॅट फसायची आणि चेंडू उडून थेट नोहा व्हॉलरच्या हातात. नोहा त्याचा लंगोटीयार. त्याला त्या जागी एनॉसनंच उभं केलेलं असायचं. पण तेव्हाची रीतच मेली अशी, की झेल घेतला तर बळी झेलणाऱ्याचा. टाकणाऱ्याचं कोणी नावसुद्धा घेत नसे. दांड्या उडाल्या तरच तो त्याचा.

जुन्या सरकारांना खेळ कळायचा. ते वारले आणि त्यांचा पुतण्या मालक झाला. त्याला कळायचे फक्त आकडे.

"पर्किस, या हंगामात किती दांड्या उडवल्यास? एकही नाही! मग फुकट का पोसू तुला? शेवटच्या सामन्यात उडव, नाहीतर घर रिकामं कर."

घरात केझाया, एनॉसची बायको, छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेली. जायचं म्हटलं तर तिच्या बहिणीचं ओढ्याकाठचं ओलं घर तेवढं होतं. तिथे ती थंडी काढणार नाही, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

सामन्यात नोहानं तीन झेल घेतले, मग हातात आलेला चौथा सोडला. पाठोपाठ आणखी एक.

"हात घरी ठेवून आलास काय रे?" लोक ओरडले.

एनॉस काय ते समजला. "काय चालवलंयस, नोहा?"

"तू दांड्या उडव. शिव्या मी खातो. वहिनीला त्या ओल्या घरात नेऊ नकोस, बाबा."

एनॉसलाही मोह झाला. का होऊ नये? त्यानं चेंडू सरळ टाकून पाहिले. समोरच्यानं ते बडवून काढले. दांडी काही पडेना. सामना हातचा जायला लागला. हरलो तर सोडलेले झेल नोहाच्या मानेवर बसणार, आणि सरकारांनीच दिलेल्या त्याच्या घरात तर सगळी कच्चीबच्ची.

"आता झेल," एनॉस म्हणाला. "माझी शपथ आहे."

शेवटचे दोघेही नोहाच्याच हातात गेले. सामना जिंकला आणि नोहा तिथेच रडायला लागला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. "अरे, हे एनॉसचे बळी आहेत!" तो वरून ओरडत होता. नवे सरकार हसले आणि त्यांनी बक्षिसाची जरीची टोपी त्याच्याच डोक्यावर ठेवली.

संध्याकाळी केझायानं विचारलं, "किती दांड्या उडवल्यात?"

"एकही नाही."

"आणि नोहाचे झेल?"

"पाच."

"म्हणजे तुमचेच की हो पाच!" ती हसली, आणि खोकल्याची उबळ येईपर्यंत हसत राहिली.

एनॉसचे बळी मोजणारं माणूस तेवढं एकच होतं. ओढ्याकाठच्या घरात ते नाताळपर्यंतही टिकलं नाही.